बोलण्यातून गेलेले, कागदावर उरलेले : एका फ्रेंच क्रियारूपाचा शोध

फ्रेंच शिकायला मी पस्तिशीनंतर सुरुवात केली. शिकवणारे कोणी नव्हते. पुण्यात फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात इंग्रज विद्यार्थ्यांसाठी फार पूर्वी छापलेले एक फ्रेंच व्याकरण मिळाले, तेच माझे गुरुजी. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि रात्री क्रियापदांचे तक्ते, असा क्रम काही वर्षे चालला. त्या पुस्तकाच्या उत्तरार्धात ‘आंपार्फे द्यू सुब्जोंक्तिफ’ नावाच्या रूपाचे तक्ते होते. इंग्रजी व्याकरणाच्या भाषेत इम्पर्फेक्ट सबजंक्टिव्ह. एका पावसाळ्यात मी ते सगळे तक्ते पाठ केले. पुस्तकात दिले आहे म्हणजे ते वापरायचेच असणार, अशी माझी समजूत होती.

पुढे एका घरगुती कार्यक्रमात फ्रान्सहून आलेल्या एका बाईंशी बोलायची संधी मिळाली. त्यांना यायला उशीर झाला होता. वाक्य मनात चार वेळा घोळवून मी म्हटले, ‘झ क्रेन्ये क व्हू न व्हँसिए पा’. म्हणजे, तुम्ही येणार नाही अशी मला भीती वाटत होती. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात खोट नव्हती. बाई क्षणभर थांबल्या, मग हसल्या आणि म्हणाल्या, असे बोलणारा माणूस आजोबांच्या वेळेनंतर भेटलाच नव्हता. त्यांच्या हसण्यात कौतुक होते. शेजारी उभे असलेले, फ्रेंच शिकवणारे एक मराठी गृहस्थ मात्र मोठ्याने हसले आणि चारचौघांत म्हणाले, “अहो, हे कोणी बोलत नाही. कुठल्या रद्दीतून शिकलात?” रद्दीतूनच शिकलो होतो, त्यामुळे उत्तर देता आले नाही. त्यानंतर बरीच वर्षे मी फ्रेंच वाचत राहिलो, बोललो मात्र नाही.

हा लेख त्या गृहस्थांना उत्तर म्हणून लिहिलेला नाही. त्यांचे म्हणणे खरेच होते. पण त्या दिवसापासून काही प्रश्न माझ्या मागे लागले. जे रूप कोणी बोलत नाही, ते पुस्तकांत पानोपानी कसे भेटते? ते बोलण्यातून कशामुळे गेले? आणि चुकीचे वापरणारा हास्यास्पद ठरतो तसा बरोबर वापरणाराही ठरत असेल, तर हे रूप आज नेमके काम कोणते करते? वाचत गेल्यावर माझे जे मत झाले ते आधीच सांगून टाकतो. या रूपाने काळ सांगण्याचे काम जवळजवळ सोडले आहे आणि बोलणारा कोण आहे हे सांगण्याचे काम पत्करले आहे. त्याच्या नावाने गळा काढणारे आणि त्याला हसणारे, दोघेही हा बदल नजरेआड करतात.

‘यावा’ जागचा हलत नाही

मराठी वाचकाला हे रूप समजायला अवघड नाही. शाळेच्या व्याकरणात आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकतो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘तो यावा अशी माझी इच्छा आहे’ यातला ‘यावा’ हा विध्यर्थ. तो आला की नाही, याबद्दल हे वाक्य काहीच सांगत नाही. त्याचे येणे अजून इच्छेतच आहे. फ्रेंचमध्ये इच्छा, भीती, शंका, आवश्यकता यांच्या पोटात येणाऱ्या क्रियापदाला असेच वेगळे रूप मिळते. तो सुब्जोंक्तिफ. आपला विध्यर्थ आणि हा सुब्जोंक्तिफ तंतोतंत एक नाहीत, पण इथे तेवढे साम्य पुरे आहे.

आता ती इच्छा भूतकाळात नेऊ. ‘तो यावा अशी माझी इच्छा होती.’ ‘आहे’चे ‘होती’ झाले, ‘यावा’ जागचा हलला नाही. अभिजात फ्रेंचमध्ये मात्र तो हलतो. मुख्य क्रियापद वर्तमानकाळात असेल तर ‘यावा’साठी ‘व्हिएन’, ते भूतकाळात गेले की ‘व्हँ’. मालकाने पोशाख बदलला की नोकरानेही बदलायचा, असा हा काळांच्या मेळाचा नियम. आजचा फ्रेंच माणूस बोलताना दोन्हीकडे ‘व्हिएन’च म्हणतो. इच्छा भूतकाळातली होती हे मुख्य क्रियापदाने एकदा सांगितले, ते पुन्हा कशाला सांगायचे? म्हणजे या एका बाबतीत फ्रेंच भाषा तीनचारशे वर्षे चालून आपल्या ‘यावा’पाशी येऊन थांबली आहे. हे लक्षात आल्यावर भाषेच्या ऱ्हासाची अर्धी ओरड मला तरी पटेनाशी झाली. मराठीत पहिल्यापासून जे चालते, ते फ्रेंचमध्ये आल्याने ती भाषा दुबळी होण्याचे कारण नाही.

अपवाद नसलेला नियम

रूप तयार करण्याची रीत पाहू. फ्रेंचमध्ये लेखी कथनासाठी ‘पासे सँप्ल’ नावाचा साधा भूतकाळ आहे. त्याचे द्वितीय पुरुषी एकवचन घ्यायचे आणि त्यापुढे ‘से’ ही दोन अक्षरे लिहायची. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे. ‘तू बोललास’ याचे रूप ‘पार्ला’. त्याच्या शेवटी एक ‘स’ लिहितात, पण तो मुका असतो. पुढे ‘से’ लागले की मुका ‘स’ बोलू लागतो आणि ‘पार्लास’ होते. असणे या अर्थाच्या क्रियापदाचे ‘फ्यू’ आहे, त्याचे ‘फ्यूस’. ‘येणे’चे ‘व्हँ’, त्याचे ‘व्हँस’. ‘जाणणे’चे ‘स्यू’, त्याचे ‘स्यूस’. ‘आम्ही’साठी पार्लासिओं, ‘तुम्ही’साठी पार्लासिए. फक्त तृतीय पुरुषी एकवचन वेगळे. तिथे ‘स’ गळतो आणि स्वराच्या डोक्यावर टोपीसारखे चिन्ह येते.

फ्रेंच क्रियापदांत अपवादांची रेलचेल आहे. या रीतीला मात्र एकही अपवाद नाही. पासे सँप्ल माहीत असला की पुढचे सगळे आपोआप येते. उलट आज सर्रास बोलला जाणारा वर्तमानकाळी सुब्जोंक्तिफ लहरी आहे. ‘करणे’चे फास, ‘जाणणे’चे साश, ‘शकणे’चे प्युईस, ‘जाणे’चे आय. यातले प्रत्येक वेगळे पाठ करावे लागते. अवघड ते टिकले आणि सोपे ते गेले. तेव्हा ‘रूप फार अवघड म्हणून लोकांनी सोडले’ हे स्पष्टीकरण पहिल्याच तपासणीत गळून पडते.

चुकीतून झालेला नियम

हे रूप आले कुठून? लॅटिनमध्ये ‘प्रेम करणे’ या क्रियापदाचे, या अर्थातले अपूर्ण भूतकाळाचे रूप ‘आमारेम’ असे होते आणि पूर्ण भूतकाळाचे ‘आमाविस्सेम’. या दुसऱ्याचे ‘आमास्सेम’ असे आखूड रूपही चाले. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, बोलीतल्या लॅटिनने ‘आमारेम’ टाकून दिले आणि त्याच्या जागी पूर्ण भूतकाळाचे हे आखूड रूप बसवले. त्याचेच पुढे फ्रेंच ‘एमास’ झाले. कडक लॅटिन पंडिताने हे ऐकले असते तर काळ चुकला म्हणून कान पकडला असता. ज्या रूपाला आज शुद्धतेचे शिखर मानतात, ते असे एका काळाच्या जागी दुसरा काळ वापरण्यातून जन्मले आहे.

मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीत फ्रांस्वाज नावाची स्वयंपाकीण आहे. ती शब्दांचे उच्चार बिघडवते. निवेदक तिला हसता हसता थांबतो आणि त्याच्या मनात येते की, आपण ज्या फ्रेंच शब्दांचा अभिमान बाळगतो ते तरी काय आहेत, लॅटिन वेडेवाकडे बोलणाऱ्या गॉल लोकांच्या चुकाच ना! फ्रेंच गद्यात हे रूप ज्याने मनसोक्त वापरले त्याच लेखकाने हे लिहून ठेवावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

टोपीचा इतिहासही असाच. जुन्या फ्रेंचमध्ये तृतीय पुरुषी रूपात ‘स’ होता, आधी उच्चारातही होता. उच्चारातून तो गेला, लिहिण्यात राहिला. फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या १७४० च्या तिसऱ्या आवृत्तीने असे बरेच मुके ‘स’ काढले आणि अनेक ठिकाणी त्यांची खूण म्हणून स्वरावर टोपी ठेवली. आपल्याकडचा अनुच्चारित अनुस्वार ज्यांना आठवतो त्यांना हे लगेच समजेल. ‘नांव’, ‘केलें’, ‘घरें’ यांतले टिंब पूर्वीच्या नासिक्य उच्चाराची किंवा व्युत्पत्तीची खूण होते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आपण ते पुसून टाकले. फ्रेंचांनी टोपी जपली. १९९० च्या लेखनसुधारणेत ‘इ’ आणि ‘उ’ या स्वरांवरच्या पुष्कळ टोप्या ऐच्छिक झाल्या, पण या क्रियारूपांवरची टोपी कायम राहिली. तिला कारण होते. ‘तो होता’ याचे पासे सँप्ल ‘फ्यू’ आणि ‘तो असावा’ याचे भूतकाळी रूप ‘फ्यू’ यांचा उच्चार एकच आहे. दोहोंत फरक करते ती फक्त टोपी.

मग गेले कशामुळे?

दुसरे नेहमीचे स्पष्टीकरण असे की, हे रूप कानाला वाईट लागते. यात थोडे तथ्य आहे. फ्रेंचमध्ये ‘आस’ हा प्रत्यय तुच्छतेसाठीही वापरतात. ‘पापरास’ म्हणजे निरुपयोगी कागदपत्रे, ‘रेव्हासे’ म्हणजे उगाच दिवास्वप्ने पाहत बसणे. आपल्या ‘पोरटे’, ‘कारटे’ मधल्या ‘ट’सारखे ते आहे. ‘आम्ही प्रेम करावे’ हे ‘एमासिओं’ असे म्हणताना त्याची छाया पडते. त्यातच ‘जाणणे’चे ‘स्यूस’ आणि ‘चोखणे’चे ‘स्यूस’ एकसारखेच ऐकू येते. आल्फोंस आले या विनोदी लेखकाच्या नावावर असलेली एक प्रेमकविता तर याच रूपांची माळ लावून हसवते.

पण शेजारी पाहा. इटालियनमध्ये ‘पार्लास्सी’, पोर्तुगीजमध्ये ‘फालास’ ही त्याच लॅटिन घराण्यातली भावंडे आहेत, त्यांच्यातही तोच ‘स’ आहे आणि ती रोजच्या बोलण्यात वापरली जातात. गोव्यात १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्यांना हे रूप सहज माहीत असते, त्यात हसण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटत नाही. एकच ध्वनी एका भाषेत साधा आणि दुसरीत हास्यास्पद ठरत असेल, तर दोष ध्वनीचा मानता येत नाही. ऐकण्यातून गेलेली गोष्ट पुन्हा ऐकली की हसू येते. हसू हा परिणाम आहे, त्याला कारण समजणे म्हणजे गाडीमागे बैल जुंपणे.

खरे कारण मला रूप तयार करण्याच्या रीतीतच दिसते. हे रूप पासे सँप्लच्या खांद्यावर उभे आहे आणि पासे सँप्लच बोलण्यातून गेला. १६६० च्या पोर-रोयालच्या व्याकरणात असा नियम सापडतो की, किमान एक रात्र मध्ये गेली असेल अशाच घटनेसाठी हा काळ वापरावा. आज सकाळी जेवलो, हे त्यात सांगायचे नाही. त्यासाठी ‘पासे काँपोझे’ हा सहायक क्रियापद घेऊन बनणारा काळ. म्हणजे त्या वेळी दोन काळांनी कामे वाटून घेतली होती. पुढे पासे काँपोझे वाढत गेला. आजचे, कालचे, दहा वर्षांपूर्वीचे सगळे तोच सांगू लागला आणि पासे सँप्ल कथा-इतिहासाच्या पुस्तकांत जाऊन बसला. मुलांच्या कानावर पासे सँप्ल पडेनासा झाला, तेव्हा त्यावर बेतलेले रूप तरी कानाने कसे उचलणार? त्यात, वर पाहिले तसे, ते गेल्याने अर्थाचे फारसे नुकसान होत नव्हते. खांदा गेला आणि गरजही उरली नाही. दोन्ही एकत्र आल्यावर रूप गेले.

तरी ते सगळे सारखे गेले नाही. तृतीय पुरुषी एकवचन, म्हणजे टोपीवाले रूप, लेखनात अजून आढळते. ते आखूड आहे आणि पासे सँप्लसारखेच ऐकू येत असल्याने कानाला खटकत नाही. ‘निदान एवढे तरी’ अशा अर्थाच्या एकदोन ठरीव प्रयोगांत ते आजही लिहिले जाते. पार्लासिओं, पार्लासिए ही लांबलचक रूपे मात्र विनोदापुरती उरली. माझे ‘व्हँसिए’ नेमके त्यातले निघाले.

सरकारी सवलत

बोलण्यातून गेलेल्या या रूपाचा शाळेतला जाच पुढेही बराच काळ चालू राहिला. १९०१ च्या फेब्रुवारीत शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांनी काढलेल्या आदेशात परीक्षांमध्ये काही गोष्टी चूक धरू नयेत असे सांगितले. त्यांत एक हे होते. मुख्य क्रियापद ‘आवडेल’, ‘पाहिजे होईल’ अशा संकेतार्थी रूपात असेल तर पुढे वर्तमानकाळी सुब्जोंक्तिफ चालवून घ्यावा. १९७६ च्या डिसेंबरात रने आबी या शिक्षणमंत्र्यांच्या आदेशाने हीच सवलत मुख्य क्रियापद भूतकाळी असतानाही दिली. दोन आदेशांमध्ये पाऊण शतक गेले. बोलणाऱ्यांनी जे कधीच ठरवून टाकले होते त्याला तेवढ्या काळाने ‘चूक धरू नये’ एवढीच परवानगी मिळाली.

या सगळ्यात मला भावलेला माणूस म्हणजे मोरिस ग्रेविस. बेल्जियममधल्या एका खेड्यातल्या लोहाराचा मुलगा आणि पेशाने शिक्षक. १९३६ साली त्याचे ‘ल बाँ उझाज’, म्हणजे ‘चांगला वापर’, हे व्याकरण प्रसिद्ध झाले. १९४७ मध्ये आंद्रे जीद याने वर्तमानपत्रातून त्याची तारीफ केल्यावर ते घरोघर पोचले. ग्रेविसची पद्धत साधी होती. नियम लिहायचा आणि लेखकांनी प्रत्यक्षात काय लिहिले आहे याची उदाहरणे शेजारी मांडायची. काळांच्या मेळाच्या प्रकरणात नियम पाळणारे आणि मोडणारे, दोन्ही नामवंत लेखक एकाच पानावर बसलेले दिसतात. १६४७ साली व्होज्लाने चांगल्या भाषेचा निकष दरबारातल्या निवडक लोकांच्या बोलण्यावर बसवला होता. लोहाराच्या मुलाने पुरावा समोर ठेवला आणि निवाडा वाचणाऱ्यावर सोपवला.

कादंबरीकारांच्या हातात

आता साहित्याकडे येतो, कारण या रूपाचे आजचे काम तिथेच नीट दिसते. बोलण्यात एखादे रूप सहज असते तेव्हा ते वापरणे ही निवड नसते. ते बोलण्यातून गेल्यावर मात्र लेखकाने ते वापरले किंवा टाळले, तरी ती निवड ठरते.

प्रूस्तची कादंबरी १९१३ ते १९२७ या काळात खंडाखंडाने प्रसिद्ध झाली. तिचे पहिलेच वाक्य पासे काँपोझेत आहे, बोलल्यासारखे. पण पुढे शंका, आशा, भीती भूतकाळात मांडायची वेळ येते आणि हे रूप जागोजागी भेटते. स्वान ओदेतवर संशय घेतो ते प्रकरण पाहावे. ती कुठे गेली असावी, कोणाबरोबर असावी, तिने खरे सांगितले असावे का, या ‘असाव्या’वरच ते प्रकरण चालते. घडून गेलेल्या गोष्टींपेक्षा घडल्या असतील अशी धास्ती ज्यांची वाटली, त्या गोष्टी तिथे मोठ्या आहेत. अशा लेखकाला भूतकाळातल्या अनिश्चिततेसाठी स्वतंत्र रूप हाताशी असणे सोयीचे होते. इथे ते दागिना म्हणून आलेले नाही, कामाला आले आहे.

सेलीनची ‘व्हॉयाज ओ बू द ला न्युई’ ही कादंबरी १९३२ ची. तिचा निवेदक बार्दाम्यू गरीब वस्तीत डॉक्टरकी करणारा, शिव्या देत, रस्त्यावरच्या भाषेत बोलणारा. आणि हाच माणूस मध्येच पासे सँप्ल आणि सुब्जोंक्तिफची ही जुनी रूपे वापरतो. पहिल्यांदा वाचताना मला हा लेखकाचा तोल गेल्यासारखा वाटला होता. दुसऱ्या वाचनात लक्षात आले की, हा तोल मुद्दाम घालवलेला आहे. वरच्यांचा कोट अंगावर चढवून हा माणूस चिखलातून चालतो. कोटाची किंमत कमी होते आणि चिखलाला मात्र बोलायला जागा मिळते. प्रूस्तकडे हे रूप मनाची अनिश्चितता सांगते, सेलीनकडे समाजातल्या पायऱ्या. व्याकरणात दोन्हींचा तक्ता एकच आहे.

काम्यूच्या ‘लेत्रांजे’ (१९४२) या कादंबरीत तिसरी वाट आहे. ती पासे काँपोझेवर उभी आहे. कादंबरीचे निवेदन या बोलीतल्या काळात करणे तेव्हा नवे होते. सार्त्रने १९४३ च्या लेखात या वाक्यांची तुलना बेटांशी केली. प्रत्येक वाक्य सुटे, मागच्या-पुढच्याशी न बांधलेले. काळांचा मेळ हा मुळात वाक्यांना बांधणारा दोर आहे. ज्या माणसाला घटनांमध्ये कार्यकारण दिसत नाही, त्याच्या तोंडी तो दोर शोभणार नाही. म्हणून मी असे म्हणेन की, काम्यूच्या पुस्तकात या जुन्या थाटाला जागा नसणे हेच निवेदकाचे चित्र आहे.

मराठीत फ्रेंच साहित्य पुष्कळदा इंग्रजीमार्गे येते. इंग्रजीत पासे सँप्ल आणि पासे काँपोझे दोघांचा एकच साधा भूतकाळ होतो आणि ही सगळी निवड वाटेतच सांडते. मराठीत खरे तर तिच्यासाठी साधने आहेत. ‘तो गेला’, ‘तो गेला आहे’, ‘तो जाई’, ‘तो जायचा’ हे आपल्याला एकसारखे वाटत नाहीत. मूळ फ्रेंच शेजारी ठेवणाऱ्या भाषांतरकाराला ही साधने वापरता येतील. निदान प्रस्तावनेत मूळ निवडीची नोंद करता येईल.

टोपी कोणाच्या डोक्यावर?

फ्रान्सबाहेर गेलो की या प्रश्नाला धार येते. फ्रान्समधल्या शिकलेल्या माणसाने हे रूप टाळले तर तो मोकळेपणा ठरतो. वसाहतीतल्या माणसाने टाळले तर ‘त्याला येत नाही’ असे म्हणतात. वापरले तर ‘पुस्तकासारखा बोलतो’. फ्रांत्झ फानोंने १९५२ च्या ‘पो न्वार, मास्क ब्लाँ’ या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण भाषेला दिले आहे. मार्तिनिक बेटावरचा माणूस ‘र’ खातो असा समज. तो खोटा पाडण्यासाठी फ्रान्सला आलेला तरुण खोलीचे दार लावून तासन्‌तास उच्चार घासत बसतो, असे चित्र त्याने रंगवले आहे. ते वाचताना मला माझा तक्त्यांचा पावसाळा आठवला. माझ्यावर कोणाचे राज्य नव्हते, पण लाज मला ओळखीची होती.

सेनेगलचे लेओपोल सेदार साँगोर हे १९३५ मध्ये फ्रान्सची व्याकरण विषयातली सर्वांत कठीण अध्यापक-परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे ते देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आणि १९८३ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून आलेले पहिले आफ्रिकी. त्यांनी टोपी मालकांपेक्षा ऐटीत घालून दाखवली. आयव्हरी कोस्टचे अहमदू कुरुमा यांनी उलट केले. ‘ले सोलेई दे झँदेपाँदाँस’ या कादंबरीत त्यांनी फ्रेंच वाक्ये आपल्या मलिंके भाषेच्या वळणावर वाकवली. पॅरिसच्या प्रकाशकांनी ती नाकारली, १९६८ मध्ये ती माँट्रियलला निघाली आणि १९७० मध्ये पॅरिसला आली. आज ती आफ्रिकी फ्रेंच साहित्यातली महत्त्वाची कादंबरी मानली जाते. एकाने नियम जिंकला, दुसऱ्याने त्याची सक्ती झुगारली. मला दोन्ही मार्ग सन्मानाचे वाटतात. सन्मान नाही तो या रूपाचा उपयोग दुसऱ्याला खाली दाखवण्यासाठी करण्यात. फ्रान्समधले अतिउजवे नेते ज्याँ-मारी ल पेन भाषणांत ही रूपे वापरण्यासाठी ओळखले जात. परक्यांविरुद्ध बोलताना ‘खरी भाषा आमची’ हेही त्यातून आपोआप सांगितले जाई.

आपली ‘ई’

वरच्या वाक्यात मी ‘सांगितले जाई’ असे लिहिले. वाचकाला ते खटकले नसेल. पण असे आपण बोलतो का? ‘आजोबा रोज देवळात जात, येताना फुले आणत’ हे लिहितो. बोलताना ‘जायचे’, ‘आणायचे’. हा आपला रीतिभूतकाळ. स्पर्धा परीक्षेची मुले ज्याला ‘ई-आख्यात’ म्हणून पाठ करतात तो. त्याची अवस्था या फ्रेंच रूपासारखीच आहे. ‘तो बसे’, ‘ते बसत’ ही तृतीय पुरुषी रूपे लेखनात ताजी आहेत. पण व्याकरणाप्रमाणे ‘तू बसस’ आणि ‘तुम्ही बसा’ हीही रूपे आहेत. आज कोणी भूतकाळाच्या अर्थाने ‘तुम्ही बसा’ म्हटले तर ऐकणारा खुर्ची ओढेल. फ्रेंच शाळांच्या २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात लहान वर्गांना पासे सँप्ल तृतीय पुरुषापुरता शिकवायचे ठरले, तेव्हा तिथे बराच गदारोळ झाला. आपल्याकडे तसेच घडले आणि कोणाला कळलेही नाही.

आणखी गंमत अशी की, हे ‘ई’ रूप मुळात वर्तमानकाळाचे. ‘दाम करी काम’ या म्हणीत पैसा आजही काम करतो. ज्ञानेश्वरीत ‘करी’ म्हणजे ‘करतो’. पुढे ते सरकत नेहमीच्या भूतकाळात गेले. म्हणजे आपलेही हे लेखी वैभव एका काळाच्या जागी दुसरा काळ येण्यातूनच आले आहे. लॅटिन ‘आमास्सेम’ची आणि आपल्या ‘करी’ची कथा एका जातीची.

मग अशा रूपांचे करायचे काय? माझे उत्तर साधे आहे. ती बोलायला लावू नयेत, पण वाचायला शिकवावीत. न वापरणाऱ्याचे गुण कापू नयेत आणि वापरणाऱ्याला हसू नये. रूप बोलण्यातून गेले म्हणून ते पुस्तकांतून पुसता येत नाही. ते ओळखता आले नाही तर प्रूस्त आणि सेलीन यांच्यातला अर्धा फरक हातातून निसटतो. आपल्या नातवंडांना ‘जाई’ कळले नाही, तर गेल्या शतकातल्या मराठी आठवणी त्यांना अडखळत वाचाव्या लागतील. ऱ्हासाची ओरड करून यातले काही वाचत नाही, वाचते ते समजावून सांगितल्याने.

अलीकडे मी पुन्हा थोडे फ्रेंच बोलू लागलो आहे. कोणाला यायला उशीर झाला तर सरळ ‘व्हनिए’ म्हणतो, सगळे म्हणतात तसे. तक्त्यांचे ते पुस्तक अजून कपाटात आहे. वाचताना कुठे ‘व्हँसिए’ भेटले की थांबतो आणि आधी हे पाहतो की, इथे कोण, कोणाशी बोलते आहे.